पायरीच्या दोन वायरी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, शेडमधल्या ज्या वेल्डरबरोबर रोज डबा वाटून खातो त्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, तर जरा सावकाश सांगू द्या. मध्येच भरकटेन मी, कारण ही गोष्ट आठवली की मला आधी हसू येतं, आणि मग... असो. आधी हसूच सांगतो.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसच्या बॉडी बांधायची एक शेड आहे, तिथं वायरिंग करतो. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जोडपं आलं — अण्णा आणि गंगक्का. अण्णा एकतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झालेले. अक्का आमच्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवायच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही.

"जन्मभर लोकांना त्यांच्या गावाला सोडलं," अण्णा म्हणाले, "हिला कुटं नेलंच न्हाय. आता घरच घेऊन फिरायचं ठरिवलंय."

त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली होती. तिचं घर करायचं होतं. दोन बाकं, ज्यांचा पलंग होतो. गॅसची शेगडी. पाण्याची टाकी. देवाला एक कोनाडा. अक्का रोज दुपारच्या सुट्टीत बघायला यायच्या आणि रोज काहीतरी बदलायला लावायच्या. शेगडी इकडे नको, तिकडे. भाकरी थापताना मला रस्ता दिसला पाहिजे की! आख्ख्या शेडचा जीव जडला होता त्या गाडीवर. आम्ही बसगाड्या पुष्कळ बांधल्या होत्या, पण कुणाची अशी खुशी बांधली नव्हती.

आता पायरीचं सांगतो. गाडीचा तळ उंच, अक्का जेमतेम साडेचार फूट. म्हणून दाराखाली विजेवर चालणारी पायरी बसवली. दार उघडलं की पायरी बाहेर येते. दार लावलं किंवा इंजिन चालू केलं की आपोआप आत जाते. आणि कुणाचा पाय तिच्यावर असताना ती आत जाऊ नये म्हणून दोन बाजूंना सेन्सरचे दोन बारके डोळे. एका डोळ्यातून न दिसणारा किरण निघतो, समोरच्या डोळ्यात शिरतो. मध्ये पाय आला की किरण तुटतो आणि पायरी जागची हलत नाही. साधी गोष्ट आहे. मी अण्णांना छाती पुढे काढून सांगितलं होतं — या कामात मला विचारल्याशिवाय कुणी हात घालत नाही.

छाती जरा जास्तच पुढे काढली होती.

कारण पायरी बिघडली. पाय नसतानाही ती आत जाईना. बाहेरच अडून राहायची. अण्णा गाडी घेऊन शेडमध्ये यायचे आणि शेडमध्ये ती मुकाट आत-बाहेर करायची! एकदा नाही, तीनदा. मी मीटर लावला, वायर तपासली, अर्थिंगचा बोल्ट घासून काढला, रिले बदलला, डोळे पुसले. घरी नेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णा हसून म्हणायचे, "तुला बगितलं की शानी हुती बग ही." मीही हसायचो. आतून मात्र मला काहीच कळत नव्हतं. आणि कळत नाही हे बोलायला माझी जीभ वळत नव्हती. का वळत नव्हती? तीन शब्द तर होते — मला सापडत नाही. शेडमध्ये माझ्याहून हुशार दोघे होते. त्यांना विचारलं असतं तर काय झालं असतं? जरा हसले असते.

चौथ्यांदा गाडी आली ती निघायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले लोक नारळ फोडणार होते. माळशिरसला अक्कांच्या धाकट्या बहिणीकडे पहिला मुक्काम ठरला होता. तिथं बहिणीनं पुरणाचा घाट घातला होता. त्या दिवशीही शेडमध्ये पायरी नीट चालली. मी गाडीखाली निजलो — आणि सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना जोडल्या. वर टेप गुंडाळली.

म्हणजे काय केलं, कळलं का? पायरीला कायमचं सांगून टाकलं — वाट मोकळी आहे. पाय असो, नसो. वाट मोकळी आहे.

बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, "सेन्सर नवा टाकला अण्णा. आता तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी काय थाट होता म्हणून सांगू! गाडीला झेंडूची माळ, अक्कांनी स्वतः शिवलेले निळे पडदे, शेजारणींनी दिलेल्या शेंगाचटणीच्या बरण्या. अक्का पायरीवरून चढल्या, दार लागलं, पायरी सर्रकन आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग फोन सुरू झाले. रोज एक. "आज रस्त्याकडेला भाकरी भाजली रे, ट्रकवाले थांबून बघत होते." "आज उसाच्या रानाशेजारी झोपलो, सकाळी दारात मोर." अक्का इतक्या जोरात बोलायच्या की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. मला खरंच आनंद व्हायचा. खोटं नाही सांगत. फक्त फोन ठेवला की मी माझ्याच पायांकडे बघत बसायचो.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन आला. परतताना करकंबच्या बाजारात थांबले होते. अक्का वांगी घ्यायला उतरल्या, पिशवी राहिली म्हणून मागं वळल्या, पाय पुन्हा पायरीवर ठेवला. अण्णांना वाटलं, उतरली. सावलीत गाडी घ्यावी म्हणून त्यांनी किल्ली फिरवली.

पायरी आत गेली. अक्का खाली.

मी मोटरसायकल काढली. करकंबला पोचेपर्यंत चार वाजले होते. अक्कांचा घोटा मोडला होता आणि दवाखान्यात प्लास्टर चाललं होतं. गाडी बाजाराच्या कडेला उभी. आणि मी — ऐका — मी आधी दवाखान्यात गेलो नाही. आधी गाडीखाली शिरलो. टेप सोडवली, जोडलेल्या वायरी सोडवल्या, सेन्सर होता तसा जोडून टाकला. पुरावा नाहीसा केला, सरळ शब्दांत.

मग बघायला म्हणून पायरी चालवली. ती बाहेर आली आणि आत जाईना. जुनाच रोग! मी डोकं वाकवून बघतो तर मावळतीकडचं ऊन तिरपं येऊन थेट त्या एका डोळ्यात शिरलेलं. मी तळहात आडवा धरला — पायरी आत गेली. हात काढला — अडली. पुन्हा धरला — गेली. ऊन! सेन्सर उन्हानं दिपत होता. शेडमध्ये सावली, म्हणून तिथं शहाणी. अण्णांचं घर पश्चिमेला तोंड करून, म्हणून तिथं संध्याकाळी अडायची.

आणि मी हसलो. गाडीखाली उताणा पडून, धुळीत, मोठ्यानं हसलो. इतके दिवस छळणारं कोडं सुटल्याचा असा काही आनंद झाला की विचारू नका. अक्का पलीकडे प्लास्टरमध्ये, आणि मी हसतोय. रबरी नळीचा बोटभर तुकडा कापून त्या डोळ्यावर टोपीसारखा बसवला. ती पायरी त्या दिवसापासून आजतागायत बिघडलेली नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर अण्णा बसले होते. मला बघून उठले. "पायरी बगितलीस? सेन्सर गेलता का रं?"

हाच तो क्षण. मी म्हणालो, "बघितला अण्णा. चांगला आहे."

"मंजे पायरी न्हवं, गाडीच हिसका देऊन हलली. माझंच चुकलं." ते खाली बसले. "एकतीस वर्षं घंटी ऐकल्याबिगर गाडी हलवली न्हाय मी. आन् घरच्या मानसाला..."

तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणालो — वायरी जोडल्याहून मला याची जास्त लाज वाटते — मी म्हणालो, "घाईत होतं असं, अण्णा. मनाला लावून घेऊ नका."

आतून अक्कांचा आवाज आला, "होगली बिडु! मेले का मी? वांगी कुठं ठेवली ते सांगा आधी." जाऊ दे, सोडा म्हणत होत्या. नर्स हसली. अण्णा हसले नाहीत.

अक्कांचा घोटा दोन महिन्यांत जुळला. अण्णा मात्र गाडीला हात लावीनात. विकून टाकतो म्हणाले. आणि मग जे झालं ते मला आजही खरं वाटत नाही. अक्का म्हणाल्या, "मी चालवते."

अठ्ठावन्न वय! पण पंचवीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल दाबलेलं, क्लच त्यांना पंधरवड्यात जमला. सीटवर दोन उशा, पुढे साडेचार फुटांच्या अक्का, शेजारी अण्णा शिकवताना घामाघूम. एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी त्यांची शिकवणी चालायची आणि आम्ही शेडवाले रसवंतीच्या बाकावर बसून बघायचो. एकदा त्यांनी रिव्हर्समध्ये टॉवेलांच्या गठ्ठ्यांत गाडी घातली आणि स्वतःच इतक्या हसल्या की उतरता येईना. पहिल्याच परीक्षेत लायसन्स मिळालं. पेढे वाटले.

आता ती दोघं वर्षातले सहा महिने बाहेर असतात. बदामी, गोकर्ण, कोकण. अण्णा कंडक्टर झालेत. त्यांनी गाडीत दोरीची घंटी बांधलीय. दार, पायरी, सगळं वाकून बघतात आणि डबल बेल देतात. तेव्हाच अक्का गाडी सोडतात. पोरं मागं धावतात. कुठंही चार माणसं जमली की अण्णा सगळा किस्सा रंगवून सांगतात — माझ्या एका चुकीमुळं बायको ड्रायव्हर झाली बघा! लोक पोट धरून हसतात. मी तिथं असलो तर माझ्याकडे हात करून म्हणतात, "आन् ही पायरी या पोरानं दुरुस्त केली. लई गुणी." माझी अठ्ठेचाळिशी उलटलीय. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, लाजलो.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला आणि बायकोला चार दिवस बरोबर नेलं. काय मजा केली! ज्वारीच्या हुरड्याला थांबलो, गाडीच्या टपावर बसून पतंग उडवले, अक्कांनी माझ्या बायकोला कानडी शिव्या शिकवल्या. एका सकाळी सरळ, रिकामा रस्ता लागला. अक्कांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "आज तुम्ही चालवा. थोडंच. माझी शपथ."

अण्णा खूप आढेवेढे घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. स्टिअरिंगवरून हात फिरवला. आरसा नीट केला. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी किल्लीला हात घातला — आणि हात तिथंच थांबला. मग उतरले. "नगं," म्हणाले. "या हाताचा भरवसा न्हाय मला."

अक्का पुन्हा सीटवर बसल्या. अण्णांनी डबल बेल दिली. दोन मिनिटांत पुन्हा हशा सुरू झाला.

त्या हातात काहीच खोट नव्हती. हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी मागच्या बाकावर बसून चहा पीत होतो.