विसरली की थांबली

पापण्या जड झाल्यात, पण अजून पुरत्या मिटलेल्या नाहीत. रविवारची दुपार आहे. आई अंगणात सुपानं लाखोळीची डाळ पाखडतेय. सप, सप, सप. मी अंथरुणावर उताणी पडून उद्याचं नाटक मनात म्हणतेय. सगळ्यांचं. तळ्याचं, बगळ्यांचं, खेकड्याचं, अगदी मागे उभ्या असलेल्या झाडाचंसुद्धा. झाडाला तर एकच वाक्य आहे!

उद्या माझ्या ‘बालरंग’ प्रमाणपत्राचा तिसरा टप्पा. पहिल्यात आपण काम करायचं, दुसऱ्यात नाटकं बघून त्यांच्यावर बोलायचं आणि तिसऱ्यात धाकट्या मुलांना घेऊन नाटक बसवायचं. बसवलं! मी! जी मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणताना अडखळायची, ती मी. बाबांचा प्रश्न एकच, “याचे दहावीत गुण मिळतेत का?” पण परवा तालीम बघून परीक्षक मॅडम म्हणाल्या, “रुणाली, नाटक गोड आहे. पण मुलं एकमेकांकडे बघतच नाहीत, तुझ्या तोंडाकडे बघतात. सोमवारी मला त्यांचं नाटक दाखव, तुझं नको.”

खरंच आहे ते. कुणी जरा अडलं की मी विंगेतून वाक्य पुरवते. काय करू, रक्तातच आहे. माझे मामाजी, म्हणजे आईचे मोठे भाऊ, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे रंगमंचापुढे खड्डा असतो. त्यात बसून ते नटांना वाक्यं पुरवायचे. दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांच्या नाटकांचे कितीतरी व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. त्यात नायकाचा आवाज आहे, खलनायकाचा आहे, पेटीचा आहे, मध्येच रडणाऱ्या कुणाच्या तरी बाळाचाही आहे. त्यांचा नाही. प्रेक्षकांना ऐकू गेला तर तो प्रॉम्प्टर कसला!

सप, सप, सप. टाळ्या वाजताहेत. माझ्या पाठीखाली आता गादी नाही, फळ्या आहेत. मी उठून बसते तर समोर खड्डा, आणि खड्ड्यातून मामाजींचं डोकं वर आलेलं. तोच मफलर, तोच चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला.

“मामाजी! तुम्ही तर गेलात ना?”

त्यांचे ओठ हलतात. आवाज येत नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. तरी मला सगळं कळतं.

“गेलो ना. पासवर आलो. नाटकवाल्याले तिकीट लागते का कुठं?”

“उद्या माझी परीक्षा आहे.”

“नाटकाची परीक्षा? बाप्पा! आमची त पब्लिकच घे. नाई आवडलं का खुर्च्या वाजवे.”

मी हसते, पण माझे कान त्यांच्या ओठांशी आहेत. आवाज का येत नाहीये? मला तो हवाय. ना कुजबूज, ना बोलणं, तो मधलाच आवाज. लहानपणी खड्ड्यात त्यांच्या मांडीशी बसून मी तो ऐकायचे.

मग मला युक्ती सुचते. पडदा वर गेलेलाच आहे. मी पुढे होते, वाक्य सुरू करते आणि मध्येच गप्प होते. मुद्दाम. आता तरी ते पुरवतील. पुरवताना तर आवाज लागतोच ना!

मामाजी माझ्याकडे बघत राहतात.

“सांगा ना,” मी म्हणते.

“कायले? तुले येते.”

“नाही येत. विसरले मी.”

“इसरलेल्याची नजर भटकते पोरी. तुझी त माझ्यावरच हाय.”

मी खड्ड्याच्या काठाशी वाकते. “एकच वाक्य, मामाजी. अर्धं सांगा.”

ते नुसती मान हलवतात आणि माझ्या मागे बोट दाखवतात.

मागे आमच्या शाळेचा वर्ग आहे आणि वर्गात घोट्याएवढं पाणी. मधोमध माही उभी आहे. तिसरीतली माही, आमच्या नाटकातलं तळं. तळं आटतंय, बगळे निघालेत, आता तिचं वाक्य. माही बोलत नाही. माझं तोंड उघडतं.

“थांब,” मामाजी म्हणतात.

“ती विसरलीय!”

“इसरली का थांबली? पाहाय ना.”

मी ओठ दातांत धरते. घट्ट. पाणी हलत नाही, बगळे हलत नाहीत. माही माझ्याकडे बघतच नाहीये. ती बगळ्यांकडे बघतेय, एकेकाकडे. मी तिला शिकवलं होतं, ‘जा बाळांनो, पण उडताना एकदा वाकून बघा.’ ती म्हणते, “जा ना मग.” थांबते. “पन वरून वाकून पाहाल मले.”

“मामाजी, ऐकलंत?” मी वळते.

खड्डा नाही. फळ्या एकमेकींना बिलगलेल्या. मी गुडघ्यांवर बसून फळीला कान लावते. खूप वेळ लावून ठेवते.

सप, सप. गादीच आहे. कान उशीवर दाबलेला आणि खालचा ओठ झोंबतोय. बोट लावते तर रक्त. मी तशीच अंगणात जाते.

“काय झालं गं ओठाले?” आई विचारते.

सांगायला मी तोंड उघडते. पण आईचं सूप हातातच राहिलंय. ती माझ्या ओठावरच्या दातांच्या खुणा बघतेय. मामाजी गेल्यापासून तिनं त्यांचं नावही काढलेलं नाही. मीच सारखी काढते आणि ती उठून जाते.

मी थांबते.

“भाऊच्या ओठाले बी अशाच खुना राहत,” आई म्हणते. “खेळावरून आला का खोबरेल तेल लावत बसे. मी म्हणो, बोलनं तुझं काम, मंग ओठ कायले चावतं?”

ती सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकते.

“त म्हणे, बोलनं सोपं हाय माय. नट थांबला असला का माझंच तोंड धरावं लागते.”

आई आत जाऊन तेलाची बाटली आणते, बोटानं माझ्या ओठाला तेल लावते आणि बोलत राहते.