सासूचा लाल जांब आणि चिमूटभर औषध
आमच्या सासूच्या परसात लाल गराचा जांब होता. पुण्याकडे त्याला पेरू म्हणतात, म्हणोत बापडे. हे झाड तिच्या माहेरच्या झाडापासून केलेलं. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, घर विकलं गेलं, तिथलं झाडही तोडलं. आमच्या चामोर्शीतल्या घरचा हा जांब तेवढा राहिला होता, आणि एका श्रावणात वाऱ्यानं तोही आडवा झाला. उधईनं बुंधा आतून खाल्ला होता, एका बाजूचं मूळ कसंबसं मातीत होतं.

"बी लावू ना," मी म्हटलं.

"बियाचा जांब पांढरा निघते," असं म्हणून सासू तोंडाला पदर लावून बसली. दोन घास जेवेना.

आमचे हे शेतकी खात्यात. जांबाची काडी नुसती खोचून मूळ धरत नाही, म्हणून त्यांनी चांद्याहून, म्हणजे चंद्रपुराहून, पांढऱ्या भुकटीची पुडी आणली. "झाडाच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होते, माय. ते खाली उतरून मुळाले फुटायचा निरोप देते. माणसानं तेच बनवून पुडीत भरलं. चिमूटभरच लावजो!" एवढं बोलून सायकलवर टांग टाकून गेले.

आता चिमूट म्हणजे त्या घरात शिवीच! पाहुण्याच्या ताटात वरण सांडेपर्यंत वाढणारी बाई ती. "माहेरच्या झाडाले चिमूट लावू? काऊन, मी का भिकारी हावो?" तिनं भुकटी वाटीत कालवली, शेजारणींना हाका मारल्या आणि नवरीला हळद लावावी तशा सगळ्यांनी काड्या माखल्या. गाणी काय, चहा काय! मीही कोपरापर्यंत पांढरी झाले.

काड्या खालून सुजल्या, काळ्या पडल्या आणि कुजल्या. एकीलाही मूळ नाही.

"जास्त झालं तर तेच द्रव्य मुळाले अडवते," हे कपाळावर हात मारून म्हणाले.

"मग तेवढं बसून सांगता नाई आलं? सायकल का पळून चालली होती?" माझं डोकंच फिरलं. सासू भिंतीकडे तोंड करून पडलेली. पुडी संपलेली. रागारागानं मी ती कोपऱ्यात तशीच पडलेली खरकटी वाटी बादलीत बुडवली, विसळली आणि पाणी फेकायला निघाले.

"थांब! फेकू नको! या बादलीभर पाण्यात आता चिमूटभरच उतरलं असन!" हे ओरडले.

पडलेल्या झाडाच्या जित्या बाजूला अजून हिरवे शेंडे होते. ते कापून आम्ही दिवसभर त्या विसळाच्या पाण्यात उभे ठेवले, मग ओल्या रेतीत लावले आणि वरून लोणच्याच्या काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या. लोणचं परातीत पडलं, पडो.

पुढे पालवी फुटली, तरी सासूचा विश्वास बसेना. "पान काय, तोडलेल्या काडीलेही फुटते. मले मूळ पाह्यचं हाये." शेवटी ह्यांनी एक काडी अलगद उकरली. खाली पांढरीशुभ्र मुळं, रेतीचे कण धरून बसलेली!

सासूनं ती तळहातावर घेतली. बोटानं एकेक मूळ सोडवून पाहिलं. मग एकदम हसत सुटली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हसत होती. माझा दंड धरून मला गदागदा हलवलं.

"पाह्य वं पोरी, पाह्य! मले अजून माहेर हाये!"