दुर्बिणीवर दाबलेलं झाकण

चूक माझी होती. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो, कारण एवढंच तोंडानं बोलायला मला साडेचार महिने लागले.

नवीन जालन्यात माझं पॅकिंगचं वर्कशॉप आहे. बियाणे कंपन्यांच्या लॅबमधलं नाजूक सामान, म्हणजे मायक्रोस्कोप, ओलावा मोजायचे मीटर, काचेच्या नळ्या, बाहेरगावी पाठवायचं असलं की त्याच्या पेट्या आम्ही बनवतो. बाहेरून कडक फायबर, आत फोम. फोममध्ये वस्तूच्या आकाराची खाच कापायची, वस्तू तिच्यात घट्ट बसवायची, झाकणालाही आतून फोम चिकटवायचा. आमची टेस्ट सोपी आहे. बंद पेटी दोन्ही हातांनी हलवायची. आतून आवाज आला तर पेटी नापास. वीस वर्षं मी या एका टेस्टवर पोट भरलं.

मागच्या हिवाळ्यात धावड्याचे नाना वर्कशॉपवर आले. नाना आमच्या लांबच्या नात्यातले. वय पासष्ट, जमीन बरी, आणि वनविभागाच्या यादीतले नेमबाज. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांना मारायची रीतसर परवानगी निघाली की नानांना बोलावणं यायचं. एका गोळीत काम, जखमी जनावर मागं ठेवायचं नाही, असं त्यांचं नाव होतं. ते नाव ऐकूनच उत्तरेकडच्या एका जिल्ह्यातून त्यांना बोलावणं आलं होतं. तिथं रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, गव्हाची वाट लावली होती.

"रायफल हाय, दुर्बिनीवाली," नाना म्हणाले. "विमानात घालायची हाय. करशीन का पेटी?"

"का न्हाई करणार? मायक्रोस्कोप पाठवतो नाना मी. त्याच्यापुढं रायफल म्हंजे मुसळ."

मला रायफलीतलं काहीही कळत नव्हतं. नानांनीच समजावून सांगितलं. रायफलीवर दुर्बीण बसवलेली असते. गोळी जिथं लागते आणि दुर्बिणीतली फुली जिथं दिसते, ते दोन्ही एका ठिकाणी जुळवून घ्यावं लागतं. याला झिरो करणं म्हणतात. त्यासाठी दुर्बिणीवर दोन खुंट्या असतात, एक वरच्या अंगाला, एक बाजूला. दुर्बीण आपल्या जागेवरून केसभर जरी सरकली, तरी शंभर पावलांवर गोळी हातभर बाजूला जाते.

विमानाचे नियम त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. रायफल रिकामी पाहिजे, कुलूपबंद कडक पेटीत पाहिजे, काडतुसं वेगळ्या डब्यात पाहिजेत आणि काउंटरवर लायसन्स दाखवून सगळं सांगायचं. पेटी मग बाकीच्या बॅगांसोबत खाली जाते. तिच्यावर काय पडतं, कोण बसतं, ते कुणाला ठाऊक.

मी रायफल फोमवर आडवी ठेवून आखून घेतली. आडवी ठेवली की दुर्बिणीची बाजूची खुंटी वर येते, झाकणाच्या दिशेला. शफीकभाईंनी खाच कापली. शफीकभाई माझे जुने कारागीर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. झाकण लावून त्यांनी पेटी हलवली. आतून बारीकसा खट्ट असा आवाज आला.

"झाकणाला अजून एक थर लावा," मी म्हणालो. "कडक फोम."

शफीकभाईंनी थर लावला. झाकण आता दाबूनच बंद होत होतं. त्यांनी पुन्हा उघडलं आणि खुंटीवर बोट ठेवलं.

"सेठ, पूरा बोजा इसके ऊपर आ रहा. यहाँ खाली जगा छोडना."

"मंग आवाज येईल."

"आने दो ना. आवाज से क्या बिगडता?"

"शफीकभाई, वीस वर्षं कुणाची पेटी नापास झाली का?"

झाकण लावता लावता ते एवढंच म्हणाले, "मशीन अलग, बंदूक अलग."

पेटी घ्यायला नाना आले तेव्हा मी त्यांच्यासमोर ती हलवून दाखवली. अजिबात आवाज नाही. नाना खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "तिथं उतरल्यावर एक-दोन गोळ्या झाडून झिरो तपासून घ्यावा लागंल ना?"

याचं उत्तर 'मला माहीत नाही' एवढंच होतं. मी म्हणालो, "बिलकुल गरज न्हाई नाना. इथं जशी बंद केली, तशीच तिथं उघडा. गॅरंटी माझी."

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेल्तो. पेटी बेल्टवरून आत सरकताना मी तिचा फोटोसुद्धा काढला. वर्कशॉपच्या जाहिरातीसाठी.

नाना आठवडा राहणार होते. तिसऱ्या दिवशी परत आले.

मला पाचव्या दिवशी कळलं. नाना स्वतःच पेटी घेऊन वर्कशॉपवर आले, पण रिकामी.

"ठेव तुझ्याकडंच. दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल," ते म्हणाले. "रायफल मी ठाण्यात जमा करून राह्यलो. आता बंद."

"काय झालं नाना?"

नाना खाली बसले. पाणी मागितलं. पेला हातात तसाच धरून बोलू लागले. पहिल्याच सकाळी मोठा रोही समोर आला होता. अंतर शंभर-सव्वाशे पावलं. त्याच्यामागं मातीचा उंच बांध. गोळी चुकली तरी मातीत जाईल, हे बघूनच नाना नेम धरतात. त्यांनी फुली बरोबर खांद्यावर ठेवली. गोळी झाडली. रोही जागचा हलला नाही. गोळी बाजूला गेली, बांध जिथं संपतो तिथून निसटून पलीकडच्या गोठ्याच्या पत्र्यात घुसली. गोठ्यात एक बाई वैरण तोडत बसली होती.

"पत्र्याला भोक कुठं पडलं, बघ," नानांनी आपल्या डोक्याजवळ हात नेला. कानापासून वीतभर अंतरावर तो थांबवला. "इथं. बाई वाकलेली हुती म्हणून वाचली. मी पळत गेलो. ती ओरडली न्हाई की रडली न्हाई. नुसती माझ्याकडं बघत राह्यली."

मी पेटी ओढून टेबलावर ठेवली.

"डोळे गेले माझे," नाना म्हणाले. "डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, वयाच्या मानानं चांगले हायेत. पर गोळी काय डॉक्टरनी झाडली व्हय?"

ते गेल्यावर मी पेटी टेबलावर उघडली. झाकणाच्या कडक फोममध्ये एक गोल खड्डा पडला होता. रुपयाच्या नाण्याएवढा, बोटाच्या पेराइतका खोल. एका बाजूला घसटत गेलेला. दुर्बिणीच्या खुंटीची जागा. विमानात पेटीवर जे काही वजन आलं होतं, ते सगळं झाकणातून त्या खुंटीवर उतरलं होतं आणि दुर्बीण आपल्या जागेवरून ढकलली गेली होती.

शफीकभाई शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी खड्डा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि कटर उचलून आपल्या कामाला गेले. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी पेटी माळ्यावर टाकली. नानांना फोन केला नाही. स्वतःला सांगत राहिलो की बाई वाचली, नानांचं वय झालंच होतं, आज ना उद्या रायफल ठेवायचीच होती. माझं नाव धंद्यात मोठं आहे, उगाच खराब कशाला करा.

मग साडेचार महिन्यांनी भोकरदनला एक लग्न होतं. नानांचे डोळे गेले, ही बातमी तोवर सगळीकडं झाली होती. पंगतीत नाना माझ्यासमोरच बसले होते. जीप चालवणं त्यांनी सोडलं होतं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आल्ते. वाढणारा वरण घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "नाना, वाटी इकडं हाय बरं का. नेम धरून धरा!"

अख्खी पंगत हसली. नानाही हसले. "दिसून राह्यली रे बाबा, दिसून राह्यली," म्हणाले. पण त्यांनी वाटी उचलली तेव्हा आधी बोटांनी तिची कड चाचपून पाहिली. चांगल्या डोळ्यांच्या माणसानं.

मी ताट अर्धवट ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून पेटी काढली आणि धावड्याला गेलो. नाना ओसरीवर होते. मी झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. शफीकभाई काय म्हणाले होते तेसुद्धा. नानांनी त्या खड्ड्यात बोट घातलं. बराच वेळ ते तिथंच ठेवलं.

"म्हंजे डोळे ठीक हायेत माझे?"

"ठीक हायेत नाना."

"तुला कधी कळालं?"

"तुम्ही पेटी आणून दिली त्याच दिवशी."

नानांचा चेहरा पांढरा पडला. त्या गोठ्याची गोष्ट सांगतानाही तो इतका पांढरा पडला नव्हता.

"तपासायला मीच पाह्यजे हुती," ते हळू म्हणाले. "तू सांगितलं म्हणून मी ऐकलं, हा माझा गुन्हा. पर साडेचार महिने मी आंधळा हुतो अन् तुला दिसत हुतं."

मी माफी मागायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"हितं नको. मला एकट्याला सांगून काय फायदा? जे हसले त्येंच्यासमोर सांग."

आता मी दुर्बीण लावलेल्या कुठल्याही बंदुकीची पेटी करतो तेव्हा वजन दस्त्याच्या लाकडावर आणि नळीवर घेतो, दुर्बिणीभोवती चहूबाजूंनी दोन बोटं जागा सोडतो. हलवल्यावर थोडा आवाज येतो, येऊ देतो. आणि उतरल्यावर झिरो तपासल्याशिवाय वापरू नका, असं झाकणावर आतून रंगानं लिहितो. ज्याची टेस्ट आपल्याला येत नाही, त्याची गॅरंटी देऊ नये.

पण त्या सकाळी एवढं शहाणपण नव्हतं. नानांच्या मागोमाग, ती पेटी उचलून, मी धावड्याच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. लग्नातला तो वाढणारा तिथंच कप घेऊन बसला होता. आणखी दहा-बारा माणसं होती. मी पेटी बाकड्यावर ठेवून उघडली, तो खड्डा सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो:

"नानांचा नेम चुकला न्हाई. पेटी मी चुकीची केली, खोटी गॅरंटी मी दिली आन् कळल्यावर गप्प मीच बसलो. एका बाईचा जीव जात हुता, तिचं नावबी मला ठाऊक न्हाई. नाना, तिची आन् तुमची, दोघांची माफी मागतो."