जावयाच्या पाठीवरची क्लिप

सासरी जावयाला मागेल ते मिळतं, फक्त स्वतःचं मूल मिळत नाही. हे मला मुलगी झाल्यावर कळलं.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, जळगाव जामोदला गेली होती. मी पिंपळगाव राजाला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. दर रविवारी नांदुऱ्याला बस बदलून मी मुलीला पाहायला जायचो. दारात पाऊल ठेवलं की पाय धुवायला पाणी, हातात कोरा टॉवेल, पलंगावर नवी चादर. मग कोणीतरी मुलीला आणून माझ्या मांडीवर ठेवी. ती डोळे उघडून माझ्याकडे बघते न बघते तोच सासरे हात पुढं करत आणि म्हणत, ‘‘द्या इकडं. तुमी कायले तरास घेता?’’

मला काही त्रास नाही, असं मी म्हणायचो. ते त्यांना माझ्या चांगल्या वळणाचं लक्षण वाटायचं, आणि चांगल्या वळणाच्या जावयाला तर मुळीच त्रास द्यायचा नसतो. मूल जायचं, चहा यायचा.

सासूबाईंची तऱ्हा याहून अवघड. त्या जुन्या रीतीच्या. जावयासमोर बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते, तेवढाच आमचा संबंध. डोक्यावर पदर घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत आणि समोरच्या भिंतीला सांगत, ‘‘जवाईबुवाले म्हणा, च्या थंडा होऊन राह्यला.’’ खोलीत तिसरं माणूस असलं तर ते निरोप पोचवी. नसलं तर भिंत होतीच. मीही हळूहळू भिंतीलाच उत्तर द्यायला शिकलो होतो.

सव्वा महिना होत आला तेव्हा मी दोघींना घरी न्यायचा विषय काढला. सासूबाईंनी भिंतीला सांगितलं, ‘‘लेकरू मान धरेपर्यंत तरी राहू द्या म्हणा. मंग बसाले लागलं की पाहू.’’ मग त्यांनी कारणही सांगून टाकलं, ‘‘तिथं लेकराले घ्याले कोण हाय? जवाईबुवाचे हात ढोरावरचे.’’

हे मला फार लागलं. माझी आई लग्नाआधीच गेली, घरी दुसरं बाईमाणूस नाही, हे खरं. पण अडलेल्या गाईचं वासरू याच हातांनी जिवंत बाहेर काढतो तेव्हा लोक मला पेढे खाऊ घालतात. राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. कारण मुलगी माझ्याकडे आली की रडायचीच, आणि ती शांत व्हायच्या आत कोणीतरी तिला उचलून न्यायचं. तिच्या लेखी मी म्हणजे रविवारी येणारा मिशीवाला पाहुणा. ती बसायला लागेपर्यंत असंच चाललं, तर ती मला कायमचा पाहुणाच समजेल, असं मला मनापासून वाटायला लागलं.

बायकोला घरी यायचंच होतं. ती म्हणाली, ‘‘आईले तुमीच पटवा. मी बोलली की आई रडते, आई रडली की मी रडते, आन् मंग लेकरू.’’

असं सगळं अडलेलं असताना मला मोबाइलवर एक बाप दिसला. त्यानं तान्हं मूल छातीला पट्ट्यांनी बांधलं होतं आणि तो निवांत कांदा चिरत होता. मूल गाढ झोपेत. मला त्या कांद्याचं किंवा झोपेचं एवढं काही वाटलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की या माणसाच्या हातातून मूल कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

पहिला पट्टा मी ऑनलाइन मागवला. फोटोतलं बाळ हसत होतं, मीही भुललो. खोकं उघडलं तर आत कमरेवर बसवायचं चांगलं जाडजूड आसन. हे मूल बसायला लागल्यावरचं, असं खोक्यावर बारीक अक्षरात होतं. म्हणजे पुन्हा सासूबाईंचीच मुदत. तरी अंदाज घ्यावा म्हणून दवाखान्यात उपचाराला आलेल्या एका बकरीचं पंधरा दिवसांचं पिल्लू मी त्यात घालून पाहिलं. वजन साधारण आमच्या मुलीएवढंच. पिल्लू पायाच्या भोकातून सरळ खाली आलं आणि काही झालंच नाही अशा थाटात आईकडं चालायला लागलं.

दुसरं होतं लांबलचक कापड आणि दोन कड्या. ते कसं घालायचं हे दाखवणाऱ्या व्हिडिओतली बाई एका झटक्यात ते खांद्यावरून घेऊन कडीतून ओढत होती. मी तेच केलं तर एका बाजूला माझी मान अडकली आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू गुडघ्यापर्यंत लोंबायला लागलं. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी जमलं, आणि त्या उबेत पिल्लू चक्क झोपलं. मी खुश होऊन दवाखान्याच्या ओसरीवर फेऱ्या मारत राहिलो. बकरीची मालकीण, एक म्हातारी, बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, ‘‘साहेब, पिल्लू माह्यं हाय. तुमाले आवडलं असंन तर भाव करा, नाहीतर सोडा त्याले. मले गावाले जाचं हाय.’’

ते कापड तीनदा धुतलं, पण बकरीचा वास गेला नाही. असा वास घेऊन सासूबाईंसमोर जाणं म्हणजे त्यांचाच मुद्दा सिद्ध करणं. दोन्ही वस्तू दवाखान्यातच राहिल्या आणि आजही अशक्त पिल्लांना उपयोगी पडतात.

शेवटी बायकोनं लसीकरणाच्या वेळी नर्सबाईंना विचारलं. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं: मान आणि पाठ दोन्हीला आधार पाहिजे, गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. हनुवटी छातीत रुतता कामा नये, नाक सतत मोकळं दिसलं पाहिजे, आणि आपण मान वाकवली की बाळाच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे. या शेवटच्या अटीवर तर मी एका पायावर तयार होतो.

त्या हिशोबानं खामगावच्या एका दुकानात तिसरा पट्टा मिळाला. मऊ सुती कापड, मानेला आधार, दोन रुंद पट्टे पाठीवरून जाणारे, आणि ते जोडणारी एक क्लिप बरोबर पाठीच्या मध्यभागी. मी तुरीच्या डाळीची पिशवी पोटाशी घालून दुकानातच फेरी मारली. खांद्याला ओझं जाणवेना. पण क्लिपला हात पोचेना. दुकानदार म्हणाला, ‘‘ते वयनी काढतीन. दोन्हीकून दाबलं की सुटते. आन् कोणी नसलंच तर बाजूचा पट्टा ढिला करा, लेकराले धरा, आन् डोक्यावरून काढून घ्या.’’ ही दुसरी युक्ती मी नीट लक्षात ठेवली.

रविवारी सासरे शेतात गेले होते आणि सासूबाई स्वयंपाकात. तेवढ्यात बायकोनं मुलीला पट्ट्यात बसवून दिलं. मान, नाक, गुडघे सगळं पाहिलं, मागे क्लिप लावली. बायकोचे स्वतःचे डोळे झोपेनं मिटत होते. ‘‘आता मले उठवू नोका,’’ म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

मुलगी रडली. मी अंगणात चालायला लागलो. ती रडली, मी चाललो. या वेळी ‘द्या इकडं’ म्हणणारं कोणी नव्हतं. तुळशीपासून नळापर्यंत, नळापासून तुळशीपर्यंत. कधीतरी रडणं थांबलं. खाली पाहिलं तर गाल माझ्या शर्टाला चिकटलेला, तोंड अर्धवट उघडं, नाक मोकळं. मी मान वाकवून पापी घेतली, नर्सबाईंच्या सूचनेप्रमाणे. मला इतका आनंद झाला की सांगायला माणूस नव्हतं म्हणून तुळशीकडं बघून हसलो.

सासूबाई ताट तयार आहे हे भिंतीला सांगायला बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. भिंतीला म्हणाल्या, ‘‘आई वं. लेकराले जुपलं की काय?’’ जवळ येऊन, पण माझ्यापासून चार हात लांब राहून, त्यांनी मुलीचं तोंड न्याहाळलं. ती झोपेत हसली.

खरी पंचाईत पुढंच होती. जेवण म्हणजे पाटावर बसणं आलं, आणि मी बसलो की मुलगी डोळे उघडायची. शिवाय तिच्या डोक्यावर कढत कढीची वाटी तोंडाला लावणं मला मान्य नव्हतं. जावई जेवल्याशिवाय त्या घरात कोणी जेवत नाही. सासरे शेतातून भुकेले आले, हातपाय धुतले, पाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

‘‘सोडा न मंग त्याले,’’ ते म्हणाले.

‘‘क्लिप मागं हाय, मामाजी. मले पुरत नाही.’’

दुकानदाराची दुसरी युक्ती मला पाठ होती. ती मी सांगितली नाही. इतक्या रविवारांनंतर हातात आलेलं मूल मी आपणहून परत करणार नव्हतो.

सासऱ्यांनी प्रयत्न केला. आयुष्यभर बैलांच्या दाव्यांच्या गाठी सोडलेला माणूस, त्यांनी क्लिप ओढली, पिळली. ‘‘गाठ असती तं सोडली असती बा,’’ म्हणून ते बाजूला झाले आणि पोळीच्या दुरडीकडं दुःखानं बघत बसले. लेकीला उठवावं असं त्यांनी सुचवलं. सासूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं. ‘‘किती दिवसानं झोपली ते. उठवाचं नाव काढू नोका.’’

पण जावयाच्या पाठीला हात लावणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. नंतर नळाखाली काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी वळून पाहतो तो पदर खोचून सासूबाई येत होत्या आणि हातात सांडशी होती, चुलीवरून गरम पातेलं उतरवतात ती. चांगली धुऊन पुसून आणलेली.

‘‘हालू नोका,’’ त्या म्हणाल्या.

भिंतीला नव्हे, मला. लग्नानंतर सासूबाई माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दोन्ही हातांनी मुलीला घट्ट धरलं आणि श्वास रोखला. हातभर अंतरावरून त्यांनी क्लिप सांडशीत पकडली, दोन्हीकडून दाबली. टक. पट्टे सुटले. माझ्या पाठीला त्यांचं बोटसुद्धा लागलं नाही. सासऱ्यांनी आधी ताट ओढलं आणि मग मुलीला घ्यायला हात पुढं केले.

उन्हं कलल्यावर बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर चादरीच्या वळ्या, आणि चेहरा लग्नाआधीच्या फोटोतल्यासारखा टवटवीत. सासूबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग पुन्हा भिंतीकडं वळल्या. ‘‘जवाईबुवाले म्हणा, पुढच्या ऐतवारी न्याले या.’’ आणि लगेच, ‘‘हा पट्टा तवरोक इथंच राहू द्या म्हणा.’’

मी बस पकडायला निघालो तेव्हा मला उडी मारावीशी वाटत होती. जावई असल्यामुळे मारली नाही.

आठवडाभर बायको फोनवर बातम्या देत होती. पट्टा सासऱ्यांनी घेतला होता. सकाळी नातीला छातीशी घालून ओट्यावर, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत. शेजारी हसायचे, सासरे ऐकायचे नाहीत. ‘‘तुमाले सांगू,’’ बायको म्हणाली, ‘‘माह्या लहानपणी बाबा मले कडेवर घ्याचेच नाही. आजोबासमोर सोताच्या लेकराले घेणं बरं दिसत नव्हतं म्हणे. आता पट्टा ढिला करून क्लिप बाजूले ओढतेत, एका हातानं उघडतेत, एका हातानं लावतेत.’’ मला त्यांच्या ‘द्या इकडं’चा इतके दिवस राग येत होता. तो तेव्हा गेला.

पुढच्या रविवारी सगळे आम्हाला पोचवायला बस स्टँडवर आले. मुलगी सासऱ्यांच्या छातीशी झोपलेली. सासूबाईंनी लेकीसाठी भरलेल्या पिशव्या माझ्या पायाशी होत्या: लाडू, पापड, दुपटी, आणि एका पिशवीतून बाहेर आलेले नव्या सांडशीचे दोन दांडे. तिकडं जावयाला कोण सोडवणार, म्हणून मुद्दाम घेतलेली.

नांदुऱ्याची गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली. मी सासऱ्यांच्या मागे जाऊन क्लिपला हात घातला, तसे ते एक पाऊल पुढं सरकले.

‘‘हे मागून सुटत नाही बा,’’ समोर बघत ते म्हणाले. ‘‘मांगच्या टायमाले नाही का, अडकलं होतं.’’

मी बायकोकडं पाहिलं. ती क्लिप उघडणारी खरी जाणती. तिनं चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बाकावर मांडी घातली. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भिंतीवरच्या बसच्या वेळापत्रकाकडं तोंड केलं.

‘‘जवाईबुवाले म्हणा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सांडशी घरीच राह्यली.’’

सांडशीचे दांडे माझ्या पोटरीला टोचत होते. कंडक्टरनं पुन्हा हाक दिली. सासरे फलाटाच्या त्या टोकाकडं चालायला लागले होते, एक हात मुलीच्या पाठीवर, मान वाकवलेली.

‘‘राहू द्या म्हणा,’’ मी वेळापत्रकाला सांगितलं. ‘‘दुसऱ्या गाडीनं जाऊ.’’