नारंगी सोडून पाच रंग

माझ्या मुलाला मुली नाही, मुलगे आवडतात, ही बातमी आमच्या समोरच्या बापूला माझ्या आधी कळली होती.

माझा राग त्या आवडीवर नाही. (सुरुवातीला होता, पण महिनाभरात विरला. माझा दुसरा कुठलाही राग महिन्यात विरलेला नाही, त्यावरून काय ते ओळखा.) माझा राग बापूवर आहे. खडेबाजारात माझं साड्यांचं दुकान आहे आणि बरोबर समोर बापू तयार कपडे विकतो. मी डोक्यावर गाठोडं घेऊन पार खानापूरपर्यंत दारोदार साड्या विकत होते, तेव्हा बापू वडिलांच्या गादीवर बसून केळी सोलत होता. आणि माझ्या पोटच्या पोराला, विनूला, मनातलं सांगायला अख्ख्या जगात तोच सापडला! वर बापूनं ते वर्षभर माझ्यापासून लपवून ठेवलं. ज्याला गिऱ्हाइकापासून स्वतःच्या मालाचा खरेदीचा भाव लपवता येत नाही, त्यानं हे लपवलं. ते मला अजून पचलेलं नाही.

तर विनू पुण्यात राहतो, केदारबरोबर. केदारला मी फोनवर बघितलं होतं, समोरासमोर कधी नाही. यंदा बेळगावातल्या तरुण पोरापोरींनी प्राइडची मिरवणूक काढायची ठरवली. रविवारी संध्याकाळी, ढोलताशासकट, आमच्याच बाजारातून. वाटेवरच्या दुकानदारांनी आपापली शोकेस सहा रंगांनी सजवावी, असं सांगत पोरं दुकानोदुकानी फिरली. विनूचा फोन आला, की आम्ही दोघं येतोय, मिरवणुकीत चालणार आणि मग घरी.

मी इकडे आनंदानं काय स्वयंपाक करायचा ते ठरवू लागले, तोवर पुढचं वाक्य आलं.

“आई, बापूमामानं शोकेस सजवली बघ. फोटो पाठवलाय मला. लई भारी.”

मी मान वर केली. समोर काचेत सहा रंगांचे सहा झब्बे ओळीनं टांगलेले. खाली बापू, कमरेवर हात ठेवून, स्वतःवर खूश.

“आन आपली शोकेस?” मी विचारलं.

“तू कशाला तरास घेतीस? राहू दे.”

राहू दे! मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं. रविवारी मिरवणूक कोपऱ्यावरून वळली की माझ्या पोराची मान डावीकडे माझ्या दुकानाकडे वळली पाहिजे, उजवीकडे बापूच्या नाही. केदारनं या घरात पहिलं काय बघायचं, तर आमची काच. बाकी मला काही नको होतं.

तांबडी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी साडी दुकानात होती. नारंगी मात्र एक नव्हती. मग वडगावला माझ्या नेहमीच्या विणकराकडे गेले. त्याच्या मागावरून नुकत्याच दोन उतरल्या होत्या, उगवत्या सूर्यासारख्या. एकीला तो दर सोडेना. दोन घेतल्या तर किती सोडशील, म्हटलं. मग सोडला. (एक नग घेऊन दुकानदार होता येत नाही.) एक शोकेसला, एक मला. पोरगं घरी येणार म्हटल्यावर आईच्या अंगावर नवी साडी नको?

रविवारी दुपारी शोकेस अशी सजली की मीच दोनदा बाहेर जाऊन बघून आले. वरून खाली सहा साड्यांचे सहा धबधबे, क्रम अगदी पोरांनी सांगितला तसा. आमचे मालक, म्हणजे विनूचे वडील, ज्यांना अख्खा बाजार आप्पा म्हणतो आणि भांडण नसेल तेव्हा मीही, ते सुद्धा म्हणाले, “झ्याक.” आप्पा मी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालतात आणि वर्षातून चार शब्द बोलतात. त्यातला एक त्या दिवशी खर्च झाला. समोर बापूनं आमच्याकडे बघितलं आणि गुपचूप आत गेला. तेवढ्यात विनूचा निरोप आला, निपाणी सोडली.

आणि मग चिकोडीची एक बाई आली.

“ती नारंगी काढा.”

“ती विकायची न्हाय. शोभेला हाय.”

बाईनं दर सांगितला. मी म्हटलं, न्हाय. तिनं वाढवला. आता माझी परिस्थिती समजून घ्या. सगळा जन्म गिऱ्हाइकं खाली ओढत आलीत आणि मी वर ओढत आले. आणि ही बाई कुणी न ओढता आपल्या पायांनी वर चढत होती! मी पुन्हा न्हाय म्हटलं, ती पुन्हा चढली. विकायचं माझ्या मनात नव्हतं, शपथेवर सांगते. मला फक्त ती कुठवर जाते ते बघायचं होतं. ती जिथवर गेली तिथवर साडीच्या व्यवहारात आजवर कोणी गेलेलं नसेल. माझे कान गरम झाले. डोकं अजून न्हाय म्हणत होतं तोवर हात शोकेसमध्ये गेला होता.

बाई गेली. मी गल्ल्यापाशी धापा टाकत बसले. आप्पांना रिकामी जागा बघवत नाही. त्यांनी न बोलता तांबडी साडी सरकवून पिवळीला चिकटवली आणि चहा सांगायला गेले.

बेळगावात रंग हे नुसते रंग नसतात. तांबड्याला पिवळा चिकटला की तो कन्नड झेंडा. भगवा लागला की मराठी. हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. फक्त नुकताच मोठा व्यवहार जिंकलेल्या बाईला कळत नाही.

पहिले आले हिरेमठ सर. विनूला शाळेत कन्नड शिकवायचे, आता निवृत्त. शोकेसपुढे उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“भाळ छंद ऐत्री, आक्का,” ते म्हणाले. फार सुंदर आहे, म्हणजे. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, सरांना विनूचं कळलंय आणि कौतुक वाटतंय. मलाही भरून आलं. त्यांना आप्पांसाठी आलेला चहा पाजला. बाईसाहेबांना घेऊन येतो म्हणत ते घाईघाईनं घरी गेले.

ते गेले आणि कोपऱ्यावरचे किराणावाले शिवाजीराव गल्लीतल्या चौघांना घेऊन आले. तोंडं अशी, जणू कोणी गेलंय.

“आक्का, तुम्हीसुद्धा?”

“मी काय?”

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मी बाहेर येऊन बघितलं. तांबडी पिवळीला चिकटलेली, म्हणजे सरळ कन्नड झेंडा. हिरवी, निळी, जांभळी जागच्या जागी लटकत होत्या, पण त्या कुणाला दिसतच नव्हत्या.

मी माळ्यावर हात घातला. शिवजयंतीला उरलेला भगव्या कापडाचा तागा हाती लागला. नारंगीला जवळचाच रंग, म्हणून तांबडी परत बाजूला सारून आप्पांकडून तो तिच्या आणि पिवळीच्या मध्ये टांगून घेतला. कापडाचा पन्हा एवढा रुंद की त्यात तांबडी बुडाली, पिवळीही अर्धी गेली. शिवाजीरावांचा चेहरा खुलला. चौघांपैकी एकानं फोटो काढला. आणि नेमके तेव्हा हिरेमठ सर बाईसाहेबांना घेऊन परतले.

सरांनी काचेकडे बघितलं. मग अगदी हळू मराठीत म्हणाले, “मघाशी वेगळं होतं.”

दुकानाला कुलूप न लावता, एका दुपारात, मी दोन राज्यांत जाऊन आले होते.

मग जे व्हायचं ते झालं. सर म्हणाले, आधीचं बरोबर होतं. शिवाजीराव म्हणाले, आत्ताचं बरोबर आहे. येणारे जाणारे थांबले, ज्याला जी बाजू पटली त्या बाजूला उभे राहिले, आणि माझी शोकेस कुठल्या राज्यात जाते यावर माझ्याच पायरीवर वाद सुरू झाला. सगळी माणसं माझ्याच दारात आणि साडी एकही घेईना. समोर बापू दारात उभा राहून बघत होता. लांब ढोल वाजला. मिरवणूक निघाली होती, आणि माझ्या शोकेसमध्ये भगवा तागा लोंबत होता.

मी तो तागा ओढून काढला आणि ओरडले. (मी ओरडले की पार शनिवार खूटच्या चौकात ऐकू जातं.)

“गप बसा की वो सगळी! हा कुठल्या राज्याचा झेंडा न्हाय. माझ्या पोराचा हाय. माझ्या विनूचा आन त्याच्या केदारचा. ती दोघं जोडीनं राहत्यात, ती आज घरी यायलेत, त्यांच्यासाठी लावलंय हे मी. आन त्यात नारंगी पायजे, ती मी भाव मिळाला म्हणून विकून बसलोय!”

विनूचं नाव घेऊन ही गोष्ट मी बाहेर कधी बोलले नव्हते, घरातही हळूच बोलायचे. आता एकदम सगळ्या खडेबाजाराला सांगून मोकळी झाले. मी वाट बघत राहिले, आता कोण काय बोलतंय.

हिरेमठ सरांनी पुन्हा चष्मा पुसला. “आमचा विनू? कन्नडात पहिला आलेला?”

“तुमचा कसा?” शिवाजीराव म्हणाले. “आमच्या मंडळात लेझीम खेळायचा त्यो.”

“शाळेत माझ्यापुढं बसायचा.”

“गणपतीत माझ्या खांद्यावर बसायचा.”

झालं! शोकेस राहिली बाजूला, आता विनू कोणाचा यावर वाद सुरू झाला. मी डोळे पुसले, पण खरी अडचण तिथेच होती. तांबडी आणि पिवळीच्या मध्ये ढळढळीत भोक, आणि ढोल आता कोपऱ्यापाशी. तेवढ्यात बापू रस्ता ओलांडून आला. हातात त्याच्या शोकेसमधला नारंगी झब्बा.

“घ्या, आक्का.”

“किती?”

“कशाचे किती? विनूसाठी हाय.”

हा झब्बा घेतला तर बापूच्या काचेत तांबडं पिवळ्याला चिकटणार, आणि आजची सगळी दुपार समोरच्या पायरीवर जाणार, हे माझ्या ध्यानात आलं. (मोह झाला, खोटं कशाला सांगू?) पण बापूकडून फुकट घ्यायचं? त्यापेक्षा भोक बरं. मी नको म्हटलं, तो घ्या म्हणाला, मी किती म्हटलं, तो काही नको म्हणाला. असा उलटा व्यवहार चालू असताना आप्पांनी वर्षातलं दुसरं वाक्य उच्चारलं.

“तुझ्या अंगावर कुठल्या रंगाची हाय?”

मी खाली बघितलं. उगवता सूर्य!

साडी सोडून टांगायला वेळ नव्हता. मी चपला काढल्या आणि शोकेसमध्ये चढले. तांबडी आणि पिवळीच्या मध्ये उभी राहिले, पदर वरून खाली सरळ सोडला, हात पुतळीसारखे वाकवले आणि श्वास रोखला. बाहेरून आप्पांनी काच लावली. हलायचं नाही, बोलायचं नाही. दोन्हींतलं मला आजवर काहीच जमलेलं नव्हतं.

मिरवणूक कोपऱ्यावरून वळली. झेंडे, ढोल, नाचणारी पोरं, आणि मधोमध विनू. शेजारी उंच, लाजरा केदार. विनूची मान उजवीकडे निघाली होती. मध्येच थांबली. मग सावकाश डावीकडे वळली आणि तिथेच राहिली. त्याचं तोंड उघडं पडलं. त्यानं केदारचा दंड धरला आणि बोट दाखवलं. मला काचेमागं उकाड्यानं घाम फुटला होता, नाकावर माशी बसली होती, आणि एवढा आनंद मला दुकान उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता.

तेवढ्यात मिरवणूक बघायला थांबलेली एक बाई आप्पांना म्हणाली, “पुतळीच्या अंगावरची कितीला?”

आप्पांनी दर सांगितला. खरेदीचा! मी डोळे मिटून सोसलं. माझं पोरगं बघत होतं. बाईनं त्याच्याही खाली मागितली. आणि आप्पा म्हणाले, “घ्या की.”

पुतळी बोलली.

“त्येवढ्यात परवडत न्हाय!”

बाई किंचाळली. पुढचा ढोलवाला ढोलासकट मागच्यावर आदळला. झेंडेवाली एक पोरगी घाबरून हिरेमठ सरांच्या मागे लपली. आणि माझा मुलगा पोट धरून भर रस्त्यात खाली बसला. केदार त्याला उठवत होता आणि स्वतःच हसून कोसळत होता.

रात्री जेवताना मी शेवटी विचारलं, की बापूला आधी का सांगितलंस. विनू म्हणाला, “बापूमामाला सांगितलं, ते बरं म्हणाले. तुला सांगितलं तवा तू काय म्हणालीस? ‘पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतोस काय? मग बघू.’ आई, तू तिथंबी भाव केलास.”

मी असं म्हणालेच नव्हते. आप्पांकडे बघितलं. ते भातात मान घालून म्हणाले, “व्हय.”

मी विषय बदलला. किती दिवस राहणार, विचारलं. विनू म्हणाला, दोन. मी म्हटलं, आठ. त्यावर केदार, आमच्या घरात पहिल्यांदाच तोंड उघडून, म्हणाला, “मग एकच.” मी त्याच्याकडे नीट बघितलं. पोरगं माझ्या घरात टिकणार होतं. चारवर सौदा पटवला.

राग एवढाच उरलाय, की पुतळी बोलली त्या क्षणाचा विनूनं फोटो काढला होता आणि तो पहिल्यांदा बापूला पाठवला. बापूनं तो भला मोठा करून स्वतःच्या शोकेसमध्ये लावला. आता सगळ्या बाजाराची मान उजवीकडे, बापूच्या काचेकडे वळते, आणि काचेत मी असते, नारंगी साडीत, तोंड उघडं टाकून. बापूला ही जाहिरात फुकट पडली.