सावलीत मान पडलेला कांदा

आमच्याकडे कांदा कधी काढायचा ते आत्या सांगते. लग्नानंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली. तेव्हापासून चाळीस वर्षांत घरात दुसरं काही तिला कुणी विचारलं नाही. पण पात मानेत मोडून आडवी पडू लागली, की ती बांधावरून नुसतं बघायची आणि म्हणायची, "परवा." मग परवाच. एवढा एक शब्द तिचा होता. कुणी माती उकरून कांदा केवढा झालाय ते बघू लागलं, तर म्हणायची, "झोपलेल्या पोराचं पांघरूण काढतोस होय रे?"

यंदा मी अर्ध्या रानावर उंच खांबांवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. खाली कांदा नेहमीसारखाच. उन्हातली आणि सावलीतली रोपं एकाच दिवशी लावली. प्लेटांच्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली पडत आणि दिवसभर सरकत राहत. आत्या त्यांच्यातून पाय उचलून चालायची, पाण्यातून चालावं तशी.

सावलीतली पात उंच वाढली, पातळ झाली आणि एका सकाळी आडवी झाली. उन्हातली अजून ताठ होती.

"ऊन कमी, मग हा आधी कसा पिकला?" माझ्या बायकोनं विचारलं.

"मान पडलीय ना? मान खोटं बोलत नाही. तुझ्या नवऱ्यासारखी नाही ती." मग आत्या म्हणाली, "परवा."

तिसऱ्या दिवशी सावलीतला पहिला वाफा उपटला. हाताला लागले ते लसणाएवढे कांदे. काढणीच्या बायका थांबल्या.

"आत्याबाई, हे विकायचे की परत लावायचे?" एकीनं विचारलं. कुणी हसलं नाही.

आत्यानं एक कांदा हातात फिरवला. वर प्लेटांकडे पाहिलं, पलीकडच्या ताठ रानाकडे पाहिलं. "पात तर हिरवीच आहे," ती त्या कांद्यालाच म्हणाली, "मग मान टाकलीस कशाला?"

बाकीचे अकरा वाफे तिनं तसेच ठेवायला सांगितले. किती दिवस, ते सांगितलं नाही. त्या दिवशी ती जेवताना भाजीत दोनदा मीठ घालून बसली आणि तशीच जेवली.

दुसऱ्या दिवशी प्लेटांखाली ती गुडघे टेकून बसलेली दिसली. बोट मातीत. मी मागे वळलो.

"ये, बघ. लाजतोस काय? कालच्यापेक्षा मोठा लागतोय. की माझंच बोट वाळलंय?"

मीही बोट घालून पाहिलं, पण फरक कळेना.

आठवड्यानं उन्हातली पात पडली. बायकोनं विचारलं, "आत्या, उन्हातला कधी?"

"परवा."

"आणि सावलीतला?"

आत्यानं उकरलेली माती तळव्यानं पुन्हा कांद्याभोवती सारली.

"तो मला विचारू नकोस," ती म्हणाली. बायको निघाली, तशी तिनं मागून हाक मारली. "अगं, विचार. रोज विचार."