बिनकुंकवाची बंडी

शेठजींनी टेबलावर हातभर पांढरे कापड पसरले आणि मला म्हणाले, "पाहा, तुमच्या ए-वन मालाचं काय झालं ते."

कापडावर फिकट गुलाबी डाग होते. ठिपका, त्याच्यामागे ओघळ, पुन्हा ठिपका. गेल्या सीझनला आमच्या सौंसरच्या कारखान्यातून थोड्या गठाणी मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत परदेशी गेल्या होत्या, नमुना म्हणून. तिथल्या मिलने त्यांचे सूत कातले, कापड विणले, धुतले, आणि धुतल्यावर हे असे निघाले. त्यांनी तुकडा परत पाठवून विचारले होते की हा कोणता रोग. निर्यातदार ट्रंककॉलवर शेठजींना बरेच काही बोलला. शेवटी यंदाचा आणखी एक ट्रायल लॉट पाठवा म्हणाला. तोही डागी निघाला तर विषय संपला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी त्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात ग्रेडर होतो. शेतकऱ्याच्या कापसातली सरकी, म्हणजे बी, रेचा हे यंत्र काढते, उरते ती रुई, आणि प्रेस ती दाबून गठाण बांधते. कोणता कापूस कोणत्या ढिगावर जाईल हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, धाग्याची लांबी पाहायची, रंग पाहायचा, कचरा पाहायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दिला की कोणीतरी नाराज होतोच. मला त्याची सवय होती.

पण या वेळी निकाल माझ्याच मालाचा लागला होता. आदल्या वर्षी आमचे निम्मे रेचे बंद होते आणि संक्रांत झाली तशी कामावरच्या बायकांना घरी बसवले होते. शेठजींनी स्पष्ट सांगितले होते की लॉट पास झाला तर सगळे रेचे होळीपर्यंत चालतील, नाहीतर ते कारखाना मोडीत काढतील. ते असे दरवर्षी म्हणत, पण त्या वर्षी त्यांचा आवाज वेगळा होता.

शेठजींना संशय बोंडअळीचा. अळीने खाल्लेल्या कापसाला आम्ही कवडी म्हणतो. पण कवडी पिवळी असते, धुतली तरी गुलाबी होत नाही. मग सरकीचा रंग, प्रेसचे तेल, गठाणीच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज, सगळे तपासून झाले. काहीच जुळेना.

रविवारी घरी पांढुर्ण्याला गेलो. दिवाळीची साफसफाई चालली होती. बायकोने माझा एक पांढरा शर्ट पोतेऱ्यात टाकला होता. का टाकला म्हणून विचारले तर म्हणाली, गेल्या वर्षी मुहूर्ताला घालून गेलात, गुलालाचे डाग जाता जात नाहीत. मी शर्ट उजेडात धरला. ठिपका, ओघळ, ठिपका. त्या शर्टाला मी त्या दिवशी मिठी मारायचीच बाकी ठेवली.

कापसाचा मुहूर्त म्हणजे काय, ते सांगतो. सीझनची पहिली बंडी, म्हणजे बैलगाडी, कारखान्याच्या वजनकाट्यावर येते. कापूस म्हणजे घरची लक्ष्मी. तेव्हा निघताना घरची सवाशीण त्यावर हळदकुंकू टाकते. काट्यावर शेठाणी पुन्हा टाकतात. मग ढिगावर नारळ फुटतो आणि गुलाल उधळतो. मागून येणारा प्रत्येक शेतकरीही आपली पहिली बंडी अशीच सजवून आणतो. आणि पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यात स्वच्छ, म्हणून नमुन्याच्या गठाणी आम्ही त्याच्याच बांधल्या. सगळ्यात चांगल्या कापसालाच सगळ्यात जास्त कुंकू.

मी कुंकू लावलेली रुई शेठजींसमोर बादलीत बुडवली. पाणी गुलाबी झाले. मग मी म्हटले, "यंदा कापसावर कुंकू नाही, गुलाल नाही. बैलांना लावा, चाकाला लावा, काट्याला लावा. कापसाला नाही."

"जामसांवलीला जाऊन येतो," शेठजी म्हणाले. "मारुतीला विचारतो."

शनिवारी जाऊन आले. काय म्हणाला मारुती, असे विचारले तर म्हणाले, गर्दी फार होती.

खरा विरोध केला रामरावजींनी. ते अडते, शेतकऱ्यांचा माल आमच्याकडे लावून देणारे. माणूस हुशार. त्यांचे म्हणणे होते की आपल्याच देशातल्या मिला कापूस पुरत नाही म्हणून ओरडतात, विणकराला सूत महाग झाले आहे, आणि तुम्ही उत्तम माल बाहेर घालवता. परदेशी गिऱ्हाईक आज आहे, उद्या दुसऱ्या देशात स्वस्त मिळाले की तिकडे जाईल. आज कुंकू नको म्हणतो, उद्या वावरात काय पेरायचे तेही तोच सांगेल. शेठजींचे म्हणणे, गिऱ्हाईक एकच असले की ते मानेवर पाय देते. दोन असली तर निदान पाय उचलते. मला दोघांचेही निम्मे निम्मे पटत होते, हीच माझी पंचाईत. पण डाग तो डाग. आपल्या मिला त्याबद्दल बोलत नव्हत्या म्हणून तो स्वच्छ ठरत नव्हता.

मी सायकल काढली. मोहगाव, बोरगावकडची गावे पालथी घातली. कापडाचा तुकडा खिशात होताच. लोकांनी पाहिला, चहा पाजला, हसले. दुसऱ्या-तिसऱ्या बंडीला कुंकू न लावायला बहुतेकांची तयारी होती. मुहूर्ताची पहिली बंडी बिनकुंकवाची न्यायला मात्र एकही तयार होईना. वर्षभर काही वाईट झाले तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार. एक जण तर म्हणाला, "तुमचीच बंडी आना न जी पयली." माझ्याकडे सायकल होती.

मुहूर्त तोंडावर आला आणि कौसाबाई कारखान्यात आल्या. मोहगावच्या. पहिल्या बंडीचा मान वर्षानुवर्षे त्यांच्या नवऱ्याचा, दौलतरावांचा. दौलतराव त्या उन्हाळ्यात वारले. बाई बाकावर बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या.

"दीर म्हनून राहिला, यंदा पयली बंडी मी नेतो. गाव कसं मानते तुमाले मालूम हाये. बंडी ज्याच्या हातची, वावर त्याचं. मी आनली तर काट्याले लावान का?"

मी म्हटले, "कापसावर कुंकू नको."

"माह्या घरी कुंकू लावाले हायेच कोन?" त्या म्हणाल्या.

मी लागलीच हो म्हणालो. खरे सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या वावराची नव्हे, माझ्या लॉटची काळजी होती.

मुहूर्ताच्या दिवशी बंडी फाटकाशी आली. बैलांच्या शिंगांना शेजारणीने लावलेले कुंकू, चाकांना कुंकू, वर दुधासारखा कापूस. कासरा कौसाबाईंच्या हातात. शेठाणी ताट घेऊन पुढे झाल्या आणि थबकल्या. दरवान फाटक उघडेना. रामरावजी शेठजींच्या कानाशी लागले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"कापूस बिनकुंकवाचा, वरून बाई बिनकुंकवाची. मुहूर्त करून राहिले शेठ, का सुतक पाळून राहिले?"

शेठजी माझ्याकडे पाहू लागले. मला संताप आला होता. बोलल्या कौसाबाई, आवाज न चढवता.

"पेरला तवा कोनं कुंकू पाह्यलं नाही. निंदला तवा पाह्यलं नाही. येचला तवा पाह्यलं नाही. आता काट्यावर येऊन काहून पाहून राहिले जी?"

मग मला माझे काम आठवले. फाटक मीच उघडले, बंडीवर चढलो, मधून हात घालून मूठभर कापूस काढला, सरकी सोडवली, धागा ओढला. लांबी चांगली, रंग स्वच्छ, कचरा जवळजवळ नाही. "पहिला ग्रेड," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले. "डाग नाही."

शेठजींनी शेठाणींच्या ताटात बोटे बुडवली आणि काट्याच्या लोखंडी खांबाला कुंकू लावले. "काटा करा," ते म्हणाले. शेठाणींनी नारळ कौसाबाईंच्या ओटीत नाही, पण हातात दिला. तेवढे पुरे होते. मागच्या बंडीवाल्यांनी पाहिले आणि कापसासाठी आणलेली कुंकवाची पुडी त्यांच्या खिशातच राहिली. दोघांनी लावलेच होते; त्यांचा कापूस मी वेगळ्या ढिगावर टाकला आणि शिव्या खाल्ल्या.

लॉट ट्रकने पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गेला, तिथून वॅगनने मुंबई. या वेळी कापडाचा तुकडा परत आला नाही, ऑर्डर आली. सगळे रेचे होळीपर्यंत चालले आणि बायका कामावर राहिल्या.

पुढच्या वर्षी सरकारने कापसाची परदेशी विक्री बंद केली. मिलांची ओरड होती. रामरावजी ही बातमी चहाच्या आधी सांगायला आले. त्यांचे बोलणे इतके लवकर खरे ठरेल असे त्यांनाही वाटले नसावे. शेठजींनी मला विचारले, आता परदेशी कोणी पाहत नाही, गुलाल उधळायचा का? मी म्हटले, उधळा, पण काट्यावर, कापसावर नाही. आपल्या मिलांनीही त्या वर्षी आमच्या गठाणींवर वाद घातला नाही.

मुहूर्ताला फाटक उघडले तेव्हा कौसाबाईंची बंडी आधीच उभी होती. दीर मागून वैरणीचा भारा घेऊन चालत आला होता.

जगाचा बाजार कोणाच्या भल्याचा, असे लोक आजही मला विचारतात. मला सांगता येत नाही. ग्रेडर हातातल्या चिमटीपुरते बोलतो. ते गिऱ्हाईक एकदा आले आणि गेले. तेवढ्यात आमच्या कापसावरचे कुंकू उतरून काट्याला लागले, ते तिथेच राहिले.